विद्यार्थ्यांची संशोधन-उमेदवारी

नागपुरांत मे महिना लागला म्हणजे सदरच्या गल्ल्यांतून जाणाऱ्यास घराघरांतून एकच घरघर ऐकूं येते. ती कूलरची. खिडकीस लावलेली पेटी, तिच्या तीन बाजूंस गवताच्या ताट्या, तळाशीं पाणी, तें वर चढविणारा लहानसा पंप आणि हवा आंत ओढणारा पंखा, एवढाच त्याचा संसार. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून येतांना पाण्याची वाफ होते. त्या वाफेस लागणारी उष्णता हवेंतूनच घेतली जाते आणि खोली गार होते. २०१३ सालच्या मे महिन्यांत या शहराचें तपमान ४७.९ अंश सेल्सिअसपर्यंत चढलें होतें. तेव्हां कूलर ही येथें चैनीची वस्तु नव्हे. परंतु साधा कूलर भर दुपारीं ज्या जोरानें चालतो, त्याच जोरानें पहांटे चार वाजतांहि चालतो. घरांतील माणसें पांघरूण ओढून घेतात. पंखा मात्र फिरतच राहतो. हवा गार झाली, हें त्यास कळत नाहीं.

याच सदरमध्यें १९१४ सालीं सुरू झालेल्या संस्थेची परंपरा सांगणारें शासकीय तंत्रनिकेतन आहे. अशा संस्थेंतील विद्यार्थ्यानें सुटीचे सहा-आठ आठवडे एखाद्या जाणत्याच्या हाताखालीं एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करण्यांत घालवावे, या पद्धतीस आज इंटर्नशिप म्हणतात. मराठींत तिला संशोधन-उमेदवारी म्हणतां येईल. बुद्धिमान नियंत्रण, यंत्रमानव आणि ऊर्जा-व्यवस्थापन हे तिचे आजचे आवडते विषय आहेत. नांवें भारदस्त असलीं, तरी त्यांचें मूळ या कूलरच्या प्रश्नांतच सांपडतें.

यंत्रनियंत्रणाचीं अंगें तीन: मोजणें, इष्ट मापाशीं ताडून पाहणें आणि जो फरक दिसेल त्याप्रमाणें कृति करणें. वाफेच्या एंजिनाचा वेग स्थिर राखण्यासाठीं जेम्स वॅटनें १७८८ सालीं फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक योजिला. असे नियंत्रक केव्हां स्थिरावतात आणि केव्हां हेलकावे खातात, याचें गणित मॅक्सवेलनें १८६८ सालीं मांडलें. पण अनुभवी कारागीर समीकरणें मांडून काम करीत नाहीं. "दाब बराच वाढला, आंच थोडी कमी करा," असें तो म्हणतो. हें "बराच" आणि "थोडी" गणितांत बसविण्याची वाट लॉत्फी झादे यांनीं १९६५ सालीं दाखविली. पुढें लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजांत इब्राहिम ममदानी आणि त्यांचा संशोधक विद्यार्थी असिलियन यांनीं प्रयोगशाळेंतील एका लहान वाफेच्या एंजिनास असे शब्दांतले नियम लावून पाहिले. तो प्रयोग १९७५ सालीं प्रसिद्ध झाला. ममदानी यांचें शिक्षण भारतांत झालें होतें. बुद्धिमान नियंत्रणाच्या इतिहासांतील हें मोठें काम गुरु आणि विद्यार्थी या जोडीनें केलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां समजा, एका विद्यार्थ्यानें कूलरचा प्रश्न हातीं घेतला. पहिल्या आठवड्यांत तो २८ अंशांवर पंप चालू-बंद होईल अशी व्यवस्था करतो. पंप मिनिटागणिक सुरू होतो आणि बंद पडतो. मग त्यास कळतें कीं, दोन मापांत अंतर हवें. २९ अंशांवर चालू आणि २७ अंशांवर बंद. पुढें तो पंख्याकडे वळतो. पुस्तक सांगतें कीं, पंख्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत असते. वेग ८० टक्क्यांवर आणला, तर शक्ति ०.५१२, म्हणजे जवळजवळ निम्मी, व्हावयास पाहिजे. प्रत्यक्षांत वीजमापक तितकी बचत दाखवीत नाहीं. विद्यार्थ्यास प्रथम वाटतें कीं, मापकच बिघडला.

खरी उमेदवारी येथें सुरू होते. चांगला मार्गदर्शक यावेळीं उत्तर सांगत नाहीं; उरलेली वीज कोठें गेली, एवढेंच तो विचारतो. विद्यार्थी जुन्या धर्तीच्या रेग्युलेटरला हात लावून पाहतो. तो तापलेला असतो. पंख्याची वाचलेली वीज बरीचशी तेथें आणि मोटारीच्या वेटोळ्यांत उष्णता होऊन गेलेली असते. वेग कमी करण्याची रीतच बदलली पाहिजे, हें त्यास आतां कोणी सांगावें लागत नाहीं. जुलैंत पाऊस आला म्हणजे आणखी एक धडा मिळतो. दमट हवेंत पाण्याची फारशी वाफ होत नाहीं. पंप चालविल्यानें खोली केवळ ओलसर होते. तेव्हां एका साध्या आणि एका ओल्या चिंधीच्या तपमापकावरून हवेचा दमटपणा जाणणें आलें, आणि "हवा दमट असेल तर पंप बंद, पंखा चालू" हा नियमहि आला.

हा खटाटोप एका घराच्या बिलापुरता नाहीं. सदरकडून छिंदवाड्यास जाणारा रस्ता कोराडीवरून जातो. तेथें १९७४ सालीं वीजनिर्मितीचा पहिला संच सुरू झाला. आज ६६० मेगावॅटचे तीन संच तेथें कोळसा जाळीत आहेत. देशाच्या वीजजाळ्याची कंपनसंख्या ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या अरुंद पट्ट्यांत राखावयाची, तर क्षणोक्षणीं निर्मिति आणि खप यांचा मेळ बसला पाहिजे. सूर्य मावळला कीं छपरांवरील सौर पट्ट्या निजतात, पण भिंती तापलेल्याच असतात आणि कूलर चालूच राहतात. त्या वेळीं हजारों घरांतून वाचलेला प्रत्येक वॅट कोराडीच्या भट्टीवरचा भार हलका करतो. त्याच सौर पट्ट्यांवरची धूळ झाडणारा लहान यंत्रमानव करावयाचा झाला, तरी मोजणें, ताडणें आणि कृति करणें हींच तीन कामें. फरक इतकाच कीं, कूलर चुकला तर झोंप मोडते, आणि यंत्रमानवास कडा ओळखतां आली नाहीं तर तो छपरावरून खालीं येतो.

अशा उमेदवारीस फारसा पैसा लागत नाहीं. तपमापक, वीजमापक आणि मुठींत मावेल असा नियंत्रक कांहीं शें ते एकदोन हजार रुपयांत मिळतो. दुर्मिळ आहे तो वेळ. ज्या मुलास सुटींत घरीं चार पैसे आणावे लागतात, त्यास बिनपगारी उमेदवारी परवडत नाहीं. म्हणून विद्यावेतन ही मेहेरबानी न समजतां खर्चाची पहिली बाब समजली पाहिजे. आणि जेथें आठ आठवड्यांचा दाखला आठ दिवसांत मिळतो, तेथें विद्यार्थ्याच्या हातीं कागदाखेरीज कांहींच पडत नाहीं. उमेदवारी खरी झाली कीं नाहीं, हें दाखल्यावरून न ठरवितां नोंदवहीवरून ठरवावें. तींत फसलेला प्रयोग, त्याची तारीख, आंकडा आणि त्यावर सुचलेला पुढचा प्रश्न असला पाहिजे. अशी एक वही भरली, तर पुढच्या उन्हाळ्यांत दुसऱ्या विद्यार्थ्यास पहिल्या पानापासून आरंभ करावा लागणार नाहीं. आणि सदरच्या एखाद्या घरांत तरी पहांटे चार वाजतां पंखा आपणहून मंद होईल.