‘करी’ गेला मागच्या बाकावर!

दोस्ता, आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर तुला ठाऊक आहे ना? संत गोरोबाकाकांचं गाव!

आता त्यांच्यावरूनच सुचलेलं हे वाक्य वाच : ‘कुंभार रोज मडकी करी.’ म्हणजे काय? पूर्वी करायचा! गोष्टीतला राजा नाही का रोज शिकारीला ‘जाई’? तसंच.

पण गंमत ऐक! सुमारे 700 वर्षांपूर्वी, खुद्द गोरोबाकाकांच्या काळात, ‘करी’ म्हणजे ‘करतो’! चक्क वर्तमानकाळ! मग झालं काय? वर्गात ‘करतो’ नावाचा नवा भिडू आला आणि पहिल्या बाकावर बसला. ‘करी’ बिचारा सरकत सरकत मागच्या बाकावर गेला. म्हणजे भूतकाळात!

आणि ओळख पाहू, असं आणखी कुठे घडलं? इंग्रजीत! 400 वर्षांपूर्वी इंग्रज लोक ‘आय यूज टू गो’ म्हणत, म्हणजे ‘मी नेहमी जातो’. आज तसं कुणी म्हणत नाही. उरलं फक्त भूतकाळातलं ‘यूज्ड टू’. हजारो मैल दूरच्या दोन भाषा, आणि खोडी एकच! मला तर हे फारच आवडतं.

आता या ‘यूज्ड टू’चं एक वाक्य बघ : ‘लातूर यूज्ड टू बी इन अवर डिस्ट्रिक्ट.’ खरंच! 1982 पर्यंत लातूर आपल्याच जिल्ह्यात होतं. पूर्वी होतं, आता नाही, हे दोन्ही त्या एका ‘यूज्ड टू’त आलं.

आता जरा सावध हं! ‘आय यूज्ड टू ईट भाकरी’ म्हणालास, तर भाकरी बंद! पूर्वी खायचो, आता नाही. पण मध्ये इवलासा ‘ॲम’ घाल : ‘आय ॲम यूज्ड टू ईटिंग भाकरी.’ भाकरी परत ताटात! कारण आता अर्थ झाला, ‘मला भाकरीची सवय आहे’. ‘ईट’चं ‘ईटिंग’ झालेलं दिसलं ना? आपल्या उन्हाळ्याचंही तसंच : ‘आय ॲम यूज्ड टू द हीट!’

आणि बोलताना ‘यूझ्ड टू’ असा झ नको. सरळ ‘यूस्टू’ म्हण. झ येतो तो ‘वापरलं’ या अर्थाच्या ‘यूझ्ड’मध्ये!

आज आजीला विचार, ‘तू लहानपणी काय काय करायचीस?’ तिची पाच उत्तरं ‘शी यूज्ड टू…’ लावून वहीत लिही. आणि तिलाही वाचून दाखव!