सरसाचे पक्वन आणि रेडिओ-कंप्रतेची उष्णता

सुताराच्या बोलीत सरस ‘वाळतो’. प्राण्यांच्या कातड्याहाडांपासून केलेला जुना सरस पाण्यात तापवून लावीत, आणि तो निवून त्यातील पाणी उडाले की सांधा धरत असे. तेव्हा हे क्रियापद यथार्थच होते. (‘सरस’ हा शब्द फारसीतून आलेला, संस्कृत ‘रसा’शी त्याचे साम्य दिसते ते केवळ योगायोगाने.) परंतु यूरिया-फॉर्माल्डिहाइडसारख्या कृत्रिम राळेच्या सरसाला हेच क्रियापद लावले म्हणजे विचारात घोटाळा होतो. रेडिओ-कंप्रतेच्या विद्युत् क्षेत्राने लाकडी सांधे जलद चिकटविण्याची पद्धती समजून घेताना हा घोटाळा विशेष नडतो. म्हणून आरंभी शब्दाचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

उन्हात वाळविलेली वीट पाण्यात टाकली असता विरघळते. भट्टीत भाजलेली विरघळत नाही. पहिलीला आपण कच्ची म्हणतो, दुसरीला पक्की. ‘पक्का’ हे रूप ‘पक्व’ याचेच प्राकृतातून आलेले होय. यूरिया सरसात घडते ते या दुसऱ्या जातीचे. त्यात अमोनियम क्लोराइडसारखे लवण मिसळतात. त्याच्या फॉर्माल्डिहाइडशी होणाऱ्या विक्रियेतून अम्ल निर्माण होते, आणि त्या अम्लाच्या साहाय्याने राळेचे रेणू एकमेकांस जोडले जाऊन त्यांचे जाळे बनते. ही क्रिया उलट फिरत नाही. तिला ‘पक्वन’ म्हणावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पक्वन ही रासायनिक क्रिया असल्यामुळे तिचा वेग तापमानावर अवलंबून असतो. दर १० अंश सेल्सिअसला वेग दुप्पट होतो, हा स्थूल नियम धरल्यास २० अंशांवर चार तास घेणारा सरस ९० अंशांवर सुमारे दोन मिनिटांत पक्व व्हावा. मग सांधा तापविला की झाले, असे कोणी म्हणेल. अडचण लाकडाचीच आहे. लाकूड उष्णतेचे मंदवाहक. तप्त पत्र्यांमध्ये दाबलेल्या जाड फळीच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचण्यास लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट, तर वेळ चौपट. तोवर पृष्ठभाग करपू लागतो.

विद्युत् क्षेत्राला ही वाट चालावी लागत नाही. दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये सांधा ठेवून त्यांना उच्च कंप्रतेचा विद्युत् दाब दिला असता उष्णता पदार्थाच्या आतच उत्पन्न होते. तिचे मान कंप्रतेच्या, क्षेत्रतीव्रतेच्या वर्गाच्या आणि पदार्थाच्या ऊर्जाशोषक गुणाच्या प्रमाणात असते. उद्योगांसाठी १३.५६, २७.१२ आणि ४०.६८ मेगाहर्ट्‌झ या कंप्रता राखून ठेविलेल्या आहेत. दुसरी पहिलीच्या दुप्पट व तिसरी तिप्पट आहे हे ध्यानात घेण्याजोगे. पहिल्या कंप्रतेच्या यंत्रातून निसटणारे दुप्पट व तिप्पट कंपही त्यामुळे राखीव पट्ट्यातच पडतात व संदेशवहनातील व्यत्यय कमी होतो.

पाण्याचे रेणू क्षेत्राबरोबर उलटसुलट फिरतात आणि त्या घर्षणाने उष्णता होते, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. ते अपुरे आहे. मुक्त पाण्याच्या रेणूंचे हे शोषण याहून कित्येक पट उच्च कंप्रतेला प्रबळ होते. येथे सरसाच्या थरात मुख्य कार्य करतात ते विरघळलेल्या लवणांचे आयन. म्हणजे जे लवण पक्वनास चालना देते, तेच उष्णतेलाही आमंत्रण देते. यावरूनच मांडणीचे मर्म कळते. क्षेत्र सरसाच्या थराला समांतर ठेवल्यास अधिक वाहक असलेला तो थर बहुतेक ऊर्जा स्वतःकडे ओढतो व भोवतालचे लाकूड पुष्कळसे थंड राहते. क्षेत्र थराला लंब ठेवल्यास मात्र सबंध लाकूड तापवावे लागते. वक्र प्लायवूडसारख्या कामात दुसऱ्या मांडणीवाचून गत्यंतर नसते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाकडी विमानांच्या निर्मितीने या पद्धतीला मोठी चालना दिली. ब्रिटनचे ‘मॉस्किटो’ विमान १९४० साली प्रथम उडाले, तेव्हा त्याचे सांधे दुधातील केसीनच्या सरसाने जोडलेले होते. पुढे त्याची जागा यूरिया-फॉर्माल्डिहाइडने घेतली. विमानाच्या सांध्यात अपक्व सरस राहिला तर त्याचे मोल काय, हे सांगणे नको.

सर्वच सरसांना ही पद्धती सारखी मानवत नाही. आपल्याकडील सुतारांच्या नित्य वापरातील पांढरा सरस, अर्थात पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, हा खरोखरच वाळणारा. क्षेत्राच्या उष्णतेने त्यातील पाणी लाकडात लवकर मुरते हे खरे. परंतु गरम असता तो मऊ राहत असल्याने ताण असलेला सांधा शिकंज्यातून तत्काळ सोडला तर उकलतो. उलटपक्षी, अल्कलीयुक्त फिनॉल राळ इतकी वाहक असते की थरातून ठिणगी उडून काळी रेघ उमटते. यूरिया सरसातही लाकूड अधिक ओले असेल, सरस बाहेर ओघळला असेल, अथवा खिळा राहून गेला असेल, तर हाच धोका संभवतो. आणि थराचे तापमान १०० अंशांच्या वर गेले तर कोंडलेली वाफ नुकताच धरू लागलेला सांधा फोडते.