घरातील श्रवणासाठी लहान स्पीकर : निवड आणि मांडणी

सोने कसोटीवर घासून आणि धान्य मुठीत घेऊन पारखणारा आपला व्यापारी घरासाठी स्पीकर घेताना मात्र खोक्यावर छापलेल्या आकड्याला भुलतो, हे नवलच म्हणावयाचे. 'पीएमपीओ' या नावाखाली हजारो वॅट मिरवणारा तो आकडा कोणत्याही सर्वमान्य मापाला बांधलेला नाही. विचारावे ते 'आरएमएस' वॅट. आणि त्याहूनही अगत्याने विचारावी ती संवेदनक्षमता. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, हे ती सांगते. त्यात तीन डेसिबलची उणीव असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट लागते. स्वस्तात मिळालेली जोडी अशा वेळी ॲम्प्लिफायरच्या खर्चात महाग पडते.

फडताळात मावणारा स्पीकर म्हणजे दुय्यम दर्जाचा, असाही एक समज आहे. १९७० च्या दशकात बीबीसीने बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीतील अपुऱ्या जागेसाठी 'एलएस ३/५ए' हा जेमतेम ३० सेंटीमीटर उंचीचा स्पीकर तयार केला. मानवी आवाजाच्या स्वाभाविकतेमुळे तो पुढे घरोघरच्या रसिकांनाही प्रिय झाला. आपल्या संगीताला याहून मोठ्या पेटीची गरज क्वचितच पडते. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ७० हर्ट्झचा असतो, आणि पाच-सहा इंची वूफर असलेला चांगला स्पीकर तेथवर बहुधा पोहोचतो. डग्ग्याची घुमक थोडी उणी भासेल, एवढेच. सबवूफरचा आग्रह धरणाऱ्या तरुण मंडळींना हे पटणार नाही. पण भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना नक्की पटेल.

दुकानात जाताना आपल्या परिचयाचे ध्वनिमुद्रण बरोबर न्यावे. तंबोऱ्याची जवारी ही फार चांगली परीक्षा आहे : तारेचा झंकार मोकळा उलगडतो की कर्कश होतो, ते दोन मिनिटांत कळते. दुसरी परीक्षा शब्दांची. घरातील वडीलधाऱ्यांना नेऊन त्यांना एखादे प्रवचन वा भजन ऐकवावे. वयपरत्वे उंच स्वरांचे श्रवण मंदावते. 'स', 'श' यांसारखी व्यंजने प्रथम निसटतात. आजोबांना शब्द लागत नसतील, तर आवाज वाढविल्याने काम होत नाही, घरातील इतरांचे डोके मात्र दुखते. ज्या जोडीवर त्यांना हळू आवाजातही शब्द स्पष्ट कळतात, तीच घरासाठी घ्यावी, मग ती दिसायला साधी का असेना.

खरी हानी होते ती मांडणीत. शोकेसच्या दोन टोकांना, मूर्ती आणि फोटोंच्या मागे कोंबलेला स्पीकर कितीही महाग असला तरी घोगराच वाजणार. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा, आणि उंच स्वर देणारा लहान ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीत यावा. मागील भिंतीजवळ, त्यातही कोपऱ्यात, खर्ज फुगतो. म्हणून मागे छिद्र असलेला स्पीकर भिंतीपासून निदान वीतभर पुढे घ्यावा. फडताळातच ठेवणे भाग असेल, तर त्याचा दर्शनी भाग फळीच्या कडेशी आणावा आणि खाली रबराचे तुकडे द्यावेत.

संगमरवरी फरशी आणि उघड्या भिंती यांनी आपले दिवाणखाने देखणे झाले, पण कानाला कठीण झाले. खोलीच्या मध्यभागी टाळी वाजवून पाहावी. मागोमाग झणत्कार उमटला, तर समोर सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा हवा. भरलेले पुस्तकांचे कपाटही प्रतिध्वनी बराच मोडते.

शेवटी तारा जोडताना लाल टोक लालला आणि काळे काळ्याला, हे दोन्ही बाजूंना तपासावे. एक बाजू उलट झाली की खर्ज पातळ होतो आणि गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर भरकटतो. अशी जोडी दुरुस्तीला पाठविण्यापूर्वी पाठीमागच्या तारा एकदा पाहून घ्याव्यात.