पहिला भाग वाचला, शेवटचा कधी? कादंबरी-मालिकांवर वाचक का वैतागतात

बावडा (ता. इंदापूर) : पहिला भाग कुणाकडून तरी वाचायला मिळतो. दुसऱ्यासाठी पुण्याचा अप्पा बळवंत चौक गाठायचा, नाहीतर ऑनलाइन मागवायचा. आणि शेवटचा? तो अनेकदा लेखकानं लिहिलेलाच नसतो. मग एका पुस्तकात संपणारी कादंबरी काय वाईट, असं वाचकाला वाटू लागतं.

‘गेम ऑफ थ्रोन्स’चंच घ्या. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या या मालिकेचं पहिलं पुस्तक १९९६ मध्ये आलं, पाचवं जुलै २०११ मध्ये. सहाव्याची वाट बघता बघता टीव्हीवरची मालिका २०१९ मध्ये संपलीसुद्धा. ‘व्हील ऑफ टाइम’चे लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये वारले, ब्रँडन सँडरसन यांनी २०१३ मध्ये चौदावा भाग काढून ती पूर्ण केली.

एवढा उशीर का होतो?

फँटसीत जगच नव्यानं उभं करावं लागतं. प्रत्येक भागात नवी पात्रं, नवी राज्यं येतात आणि प्रत्येकाचा शेवट लेखकाच्या डोक्यावर बसतो. इंजिनिअरिंगच्या पोरांच्या भाषेत, बॅकलॉग! त्यात ‘मालिका पूर्ण झाल्यावरच घेऊ’ म्हणून वाचक थांबले, की सुरुवातीचे भाग कमी खपतात आणि पुढचे काढायला प्रकाशक कचरतो. अनुवादात हा धोका जास्त.

मराठीला अपूर्ण कादंबरी नवी नाही. ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आली आणि तडीस गेली, त्यांची ‘गणपतराव’ मात्र अर्धवटच राहिली. पण साप्ताहिकात वाचायला इतरही मजकूर असायचा. आज एकेका भागाला काही शे रुपये मोजावे लागतात.

गावातल्या ग्रंथालयाची अडचण वेगळी. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचे अ ते ड असे वर्ग आहेत आणि अनुदान वर्गानुसार मिळतं. छोट्या ग्रंथालयानं पाच भागांचा संच घेतला, तर दुसरी चार पुस्तकं राहतात. त्यातला तिसरा भाग कुणी परत केला नाही, तर चौथा-पाचवा नुसता कपाटात.

खरं तर राग लांबीवर नसतोच. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कितीतरी पुस्तकांत भेटतो. कुठलंही उचला, गोष्ट तिथंच संपते. ‘हॅरी पॉटर’चे भाग एकमेकांत गुंतलेले असले, तरी सातही मराठीत आले. त्यामुळे पहिला भाग घेण्याआधी शेवटचा बाजारात आहे का आणि मराठीत आहे का, एवढं दुकानदाराला विचारून घ्यावं.