ललिता पवार : मंथरेपासून मिसेस डिसापर्यंत

मंथरा त्यांनी दोनदा साकारली. पहिल्यांदा १९६१ साली बाबूभाई मिस्त्रींच्या ‘संपूर्ण रामायण’ या चित्रपटात आणि पुन्हा १९८७ मध्ये रामानंद सागरांच्या दूरदर्शन मालिकेत. दुसऱ्या वेळी ललिता पवार सत्तरीत होत्या. रविवारी सकाळी सगळी कामं बाजूला ठेवून टीव्हीसमोर बसलेल्या लोकांना या बाईंचा खरोखर राग येई. सहायक अभिनेत्रीला याहून मोठी पावती कोणती?

त्यांचा जन्म १९१६ सालचा, येवल्याचा. मूळ नाव अंबा सगुण. लहानपणीच त्या मूकपटांत आल्या, बोलपटांच्या पहिल्या दशकात नायिका झाल्या, स्वतःच्या आवाजात गायल्या. टॉलस्टॉयच्या कादंबरीवरून ‘दुनिया क्या है’ हा चित्रपटही त्यांनी काढला.

१९४२ च्या सुमारास ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात थोबाडीत मारण्याचा एक प्रसंग होता. समोर भगवान होते, पुढे ‘अलबेला’मुळे घराघरांत पोचलेले भगवानदादा. चापट जोरात बसली. चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला, दीर्घ उपचार घ्यावे लागले आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेची कामं संपली.

त्या डोळ्यानेच त्यांना खलनायिका बनवलं, असं आजवर सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं, त्यांच्यावर अन्याय करणारंही वाटतं. ‘प्रभात’च्या ‘रामशास्त्री’मधली (१९४४) त्यांची आनंदीबाई किंवा पुढच्या कितीतरी खाष्ट सासवा आठवल्या, तर ते पटतं खरं, पण त्याच चेहऱ्याने त्यांनी मायाही तितकीच दिली. ‘श्री ४२०’मधली केळी विकणारी गंगामाई आठवा. आणि ‘अनाडी’मधली (१९५९) मिसेस डिसा.

ही डिसा घरमालकीण आहे. भाडेकरू राज कपूरला ती सतत फैलावर घेते, आणि त्याच्या जेवणाची काळजीही तिलाच. रागावताना आवाज चढतो, पण त्यातली आपुलकी प्रेक्षकाला राजच्याही आधी कळते. हे साधणं फार कठीण. आवाज जरा जास्त चढला तर कजाग बाई उरते, माया जरा लवकर दिसली तर रडूबाई. ललिताबाई त्या मधल्या जागेत अगदी सहज वावरतात. पुढे ज्या कारखानदाराच्या पदरी राज नोकरीला असतो, त्याच्याच सदोष औषधाने डिसा मरते आणि खुनाचा आळ राजवर येतो. सगळी कथा या दुय्यम पात्रावर तोलली आहे. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. त्याच दिग्दर्शकाने, हृषीकेश मुखर्जींनी, ‘आनंद’मध्ये (१९७१) त्यांना पुन्हा डिसाच केलं, या वेळी रुग्णालयातली कडक मेट्रन.

संगीत नाटक अकादमीचा सन्मान १९६१ सालचा. चित्रपटांची संख्या सातशेच्या घरात सांगितली जाते. त्यांतला ‘प्रोफेसर’ (१९६२) मात्र जरूर पाहावा. भाच्यांना करड्या शिस्तीत ठेवणारी आत्या म्हाताऱ्या मास्तरांच्या प्रेमात पडते. ते मास्तर म्हणजे दाढी लावलेला शम्मी कपूर. आत्याबाई लाजू लागते तेव्हा हसू येतंच, पण ललिताबाई तिची टवाळी होऊ देत नाहीत. एवढी वर्षं एकटीने घर चालवलेली बाई त्या लाजण्यात दिसते.