भिंतींनी गिळलेला प्राणवायू

मुलांना अंतराळातील वसाहतीचे चित्र काढायला सांगितले, की बहुतेक जण एक मोठे चाक काढतात. चाकाला सौर पट्ट्या असतात, यान उतरायची जागा असते, आत हिरवीगार शेते असतात. संडास क्वचितच असतो. अशा आराखड्यांची शालेय विद्यार्थ्यांसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९९४ पासून सुरू झाली आणि भारतातूनही तिला पुष्कळ प्रतिसाद मिळत आला आहे. म्हणून या चाकाच्या आत शिक्षकांनी थोडे डोकावावे, असे आम्हाला वाटते.

चाकाची कल्पना मात्र बरोबर आहे. १९७५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत नासाचे एम्स केंद्र आणि स्टॅनफर्ड विद्यापीठ यांनी भरवलेल्या अभ्यासवर्गात १०,००० माणसांच्या वसाहतीचा आराखडा तयार झाला. भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील यांची प्रेरणा त्यामागे होती. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे पोकळ चाक आणि मिनिटाला एक फेरा, असे त्याचे स्वरूप. पाण्याने भरलेली बादली हाताने गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही. तसेच या चाकाच्या बाहेरच्या कडेवर रहिवासी नीट उभे राहतील आणि त्यांना आपले वजन पृथ्वीवरल्याइतकेच जाणवेल. मग चाक लहान का करू नये? १० मीटर त्रिज्येच्या चाकाला त्यासाठी मिनिटाला सुमारे साडेनऊ फेरे घ्यावे लागतील आणि आतल्या माणसाने नुसती मान वळवली तरी त्याला भोवळ येईल. वर्तुळाकार गतीच्या सूत्रावरून अकरावीचा विद्यार्थी हे आकडे काढू शकेल.

इथवरचे गणित पक्के आहे. अवघड प्रश्न आत राहण्याचा आहे, आणि तो समजण्यासाठी वर्गाबाहेर जायलाही नको. ९ मीटर लांब, ६ मीटर रुंद व साडेतीन मीटर उंच खोलीत सुमारे १,८९,००० लिटर हवा मावते. बसलेला एक विद्यार्थी तासाला साधारण १५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो असे धरले, तर ४० जणांचे ६०० लिटर होतात. दारे-खिडक्या हवाबंद केल्या तर तीन तासांत त्याचे प्रमाण १ टक्क्याजवळ जाईल. बाहेरच्या हवेत ते ०.०४ टक्क्यांच्या आसपास असते. दहा तासांनी ते ३ टक्क्यांवर जाऊन डोके दुखू लागेल, धाप लागेल. प्राणवायू मात्र तेव्हाही १७ टक्क्यांच्या वर असेल. थोडक्यात, बंद जागेत प्राणवायू संपण्याआधीच आपण सोडलेला वायू आपल्याला गाठतो. तो काढून टाकण्याचे काम झाडांवर सोपवावे, ही कल्पना साहजिकच सुचते.

ती मोठ्या प्रमाणावर तपासली गेली अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात. पृथ्वी हे पहिले जीवावरण, म्हणून या काचेच्या हवाबंद इमारतीचे नाव ‘बायोस्फिअर २’. सुमारे १.२७ हेक्टर जागेत छोटे वर्षावन, गवताळ प्रदेश, वाळवंट, प्रवाळ असलेला समुद्र आणि शेती. २६ सप्टेंबर १९९१ रोजी चार पुरुष आणि चार स्त्रिया आत गेल्या व दोन वर्षांनी बाहेर आल्या. अन्नाचा मोठा भाग त्यांनी स्वतः पिकवला. सगळ्यांची वजने घटली, आणि रताळी इतकी खावी लागली की काहींच्या त्वचेवर नारिंगी झाक आली!

खरी चिंता हवेची होती. सोळा महिन्यांत प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांच्या आसपास उतरला. चार हजार मीटर उंचीवर, म्हणजे लेहपेक्षाही उंचावर राहिल्यासारखी आतल्या लोकांची स्थिती झाली. अखेर जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला.

प्राणवायू कोणी खाल्ला हे ओळखणे सोपे होते. शेतीसाठी मुद्दाम सेंद्रिय द्रव्याने समृद्ध माती आणली होती. त्यातल्या सूक्ष्मजीवांनी ते द्रव्य कुजवताना प्राणवायू वापरला आणि कार्बन डायऑक्साइड सोडला. पण मग तो वायू तितकाच वाढायला हवा होता, आणि वाढलेला वायू वापरून झाडांनी प्राणवायू परत द्यायला हवा होता. तसे घडले नाही. हिशेबात कार्बन कमी पडत होता. शोध घेतल्यावर तो सापडला काँक्रीटच्या भिंतींमध्ये. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग आपण सर्वजण करतो. नव्या काँक्रीटमध्येही तेच कॅल्शियम हायड्रॉक्साइड असते. ते वर्षभर गुपचूप कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचे कॅल्शियम कार्बोनेट करीत होते. सूक्ष्मजीवांनी वापरलेला प्राणवायू असा भिंतीत जाऊन बसला.

पृथ्वीवरही माती कुजते आणि इमारती वायू शोषतात. पण इथे वातावरण अफाट आहे, समुद्र अफाट आहेत. छोट्या चुका त्यात पचतात. लहान जगात तसा साठा नसतो. बायोस्फिअरमध्ये दिवस-रात्रीच्या फरकानेही कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण खूप वरखाली होई. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाने तर झाडांवर भिस्त ठेवलेलीच नाही. तिथे यंत्रे काम करतात. मूत्र, घाम आणि श्वासातली वाफ यांतून सुमारे ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचा टप्पा २०२३ मध्ये गाठला गेला. जेवण मात्र पृथ्वीवरूनच जाते.

माणसांचा हिशेब याहून अवघड. बायोस्फिअरमधल्या आठ जणांचे पहिल्याच वर्षात चार-चारचे दोन गट पडले आणि कामापुरतेच बोलणे उरले. विशेष हे, की कामे कोणी सोडली नाहीत. प्रकल्प कसा चालवावा यावरून तट पडले होते, तरी पिकांना पाणी वेळेवर मिळत राहिले. १९७५ च्या आराखडाकारांनी या बाजूचा काही विचार केला होता. माणशी ६७ चौरस मीटर जागा त्यांनी धरली, आणि नजर दूरवर जावी, आपल्या हातात नसलेले असे काहीतरी सभोवती वाढत असावे, असेही सुचवले. वसाहतीतले निर्णय कोणी घ्यायचे, हा प्रश्न आमच्या मते मुलांच्या आराखड्यात यायलाच हवा.

वर्गात करता येईल असा एक प्रयोग. काचेच्या दोन रुंद बरण्या घ्या. पहिलीत ओलसर शेणखताची वाटी आणि तिच्याशेजारी चुन्याच्या निवळीची वाटी ठेवा. दुसरीत फक्त निवळी. झाकणे मेणाने घट्ट बंद करून बरण्या सावलीत ठेवा. कोणत्या निवळीवर पांढरी साय आधी धरते आणि किती दिवसांनी, याची नोंद मुलांना करू द्या. मग त्यांना विचारा : पहिल्या बरणीत एखादे रोप ठेवले असते तर?