सोन्याचे थेंब आणि आपली लेकरे

अलीकडे आपल्या वस्त्यांतूनही पुष्य नक्षत्राच्या दिवशी सुवर्णप्राशनाची शिबिरे भरतात. थेंब पाजा, मूल हुशार होईल, आजारी पडणार नाही, असे सांगतात. धुणीभांडी करणारी आमची भगिनी पदराची गाठ सोडून रांगेत उभी राहते. पुष्य नक्षत्र येते दर २७ दिवसांनी. म्हणजे गाठही दर २७ दिवसांनी सुटायची!

हे थेंब आले कोठून? काश्यपसंहिता या बालरोगांवरील जुन्या ग्रंथात सोने दगडावर पाण्यात उगाळून मध-तुपाबरोबर बाळाला चाटवायला सांगितले आहे. सहा महिने दिले तर मूल ऐकलेले सगळे लक्षात ठेवते, असा त्याचा दावा. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातही नाळ कापण्यापूर्वी मुलाला मंत्र म्हणत सोने, मध, तूप द्यावे, असे आहे. मुलीच्या संस्काराला मात्र मंत्र नाहीत. आणि दहाव्या अध्यायात चांडाळाचे दागिने कसले, तर लोखंडाचे! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली ही मनुस्मृती जाळली गेली. तिच्यातला संस्कार आता बाटलीत भरून आपल्या दारी येतो आहे.

कोणी म्हणेल, सोने औषधी आहे हे विज्ञानानेही मानले. अर्धे खरे आहे. १८९० मध्ये रॉबर्ट कॉख यांना परीक्षानळीत सोन्याचा एक क्षार क्षयाच्या जंतूंची वाढ रोखतो असे दिसले. पुढे रोग्यांना सोन्याची इंजेक्शने दिली गेली. क्षय बरा झाला नाही, मूत्रपिंडांना मात्र इजा झाली. १९२९ मध्ये फ्रान्सच्या डॉ. फोरेस्तिए यांनी संधिवातावर सोन्याचे क्षार वापरले. तेथे खरोखर गुण आला आणि अनेक वर्षे ते औषध चालले. पण रक्त-लघवी सतत तपासावी लागे. आता अधिक चांगली औषधे आल्याने ते जवळजवळ मागे पडले. शिवाय तो क्षार होता. नुसते सोने पोटातल्या आम्लात विरघळत नाही.

खरी भीती मधाची आहे. वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ बजावतात. त्यात कधी कधी असलेल्या जंतूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडतात, श्वास अडतो.

तथागतांनी आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध, गूळ औषध म्हणून घेऊ दिले. सोने-चांदी स्वीकारण्यास मात्र मनाई केली. मोठ्या माणसांची गोष्ट आहे ही, तान्ह्यांची नव्हे.

एका मातेने मला विचारले, "भाऊ, हे थेंब दिले तर लस नाही दिली तरी चालेल ना?" चालणार नाही! जन्मताच बीसीजी आणि पोलिओ, मग सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला पुढचे डोस, नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. सरकारी दवाखान्यात हे सगळे फुकट मिळते. कार्ड जपून ठेवा, तारीख चुकली असेल तरी बाळाला घेऊन जा, राहिलेली लस देतात.